आईने बटण दाबलंच नव्हतं

बुधवार, रात्र

आईला रात्री मला हाक मारता यावी म्हणून तिच्या उशाशी बटण आणि बाहेर बझर, मीच जोडलेला. शनिवारी रात्री तो तीनदा वाजला. पावणेदोनला, अडीचला, मग चारच्या सुमाराला. तिन्ही वेळा मी धावत गेले आणि तिन्ही वेळा आई म्हणाली, "मी नाही गं दाबलं." शेवटच्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, "मग काय भुताने दाबलं?"

तिने उशीखालून बटण काढून टेबलावर ठेवलं. बोलली काहीच नाही.

तेव्हा मला माझीच कीव येत होती. सकाळी सातची बस, दिवसभर शॉपफ्लोअरवर उभं राहायचं, घरी आलं की परत हेच. रविवारी दादाचा फोन आला. आई कशी आहे, एवढंच विचारलं. जाऊ दे.

काल रात्री दूध तापवत होते. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि त्याच क्षणी बझर वाजला. आई गाढ झोपलेली. बटण टेबलावर, तिने ठेवलं होतं तिथेच.

ओट्यावरच मीटर घेऊन बसले. बटण दाबलेलं नसताना बझर चालवणाऱ्या चिपच्या, म्हणजे गेटच्या, इनपुटला शून्याच्या जवळपास काहीतरी हवं. दिसत होतं १.२३ व्होल्ट. लो (शून्य) नाही, हाय (एक) नाही.

डिप्लोमाला माझा हात सीमॉस जातीच्या चिपांवर बसला. त्याचं इनपुट करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून १० के चा (दहा हजार ओहमचा) रेझिस्टर ग्राउंडला बांधला की झालं. पण पुण्याच्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आणला होता ७४एलएस३२, एलएस या वेगळ्या जातीचा ऑर गेट. एलएसचं इनपुट लो ठेवायचं तर त्यातून बाहेर येणारा करंट आपल्याला ग्राउंडला न्यावा लागतो, डेटाशीटप्रमाणे ०.४ मिलीअँपियरपर्यंत. १० के मधून तेवढा न्यायचा म्हणजे ४ व्होल्ट. आणि लो धरतात ०.८ च्या आत, हाय २ च्या वर. माझं इनपुट मधेच लोंबकळत होतं. त्यात आईच्या खोलीपर्यंतची लांबलचक वायर मी लाइटच्या वायरिंगच्या पट्टीला चिकटून ओढलेली. फ्रीजचा एक झटका पुरत होता.

दहा मिनिटांचं गणित. कंपनीत मशीन अडलं तर ऑपरेटरला एक शब्द बोलायच्या आधी मी व्होल्टेज बघते. नवीन पोरांनाही तेच सांगते. घरी मीटर हाताशी होता आणि मी आईला खोटं ठरवलं. तीनदा म्हणाली ती. तीनदा.

आज दुकानं बंद व्हायच्या आत गल्लीत पोचले. ७४एलएस०० घेतला, नँड गेटचा. ३२ चे आणि त्याचे पाय जुळतात, त्यामुळे त्याच सॉकेटमध्ये बसला. १० के आता वर, ५ व्होल्टला, आणि बटण ग्राउंडला. हाय असताना हे इनपुट फार तर २० मायक्रोअँपियर घेतं, तिथे १० के चालतो. पलंगाजवळचं किंवा बाथरूममधलं, कुठलंही बटण दाबलं की इनपुट खाली जातं आणि नँडचं आउटपुट वर. न दाबता ४.९, दाबल्यावर शून्य. वायरही पट्टीपासून लांब घेतली. फ्रीज चार वेळा चालू-बंद केला, मिक्सर लावला. बझर गप्प.

आईला म्हटलं, बघ दाबून. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाबलं. वाजला.

"आई, शनिवारी मी..."

"तो फ्रीज तुझ्या बाबांच्या वेळचा," ती म्हणाली. "त्याचं काही धरू नकोस."

दोष फ्रीजवर टाकून मोकळी झाली. मीही मग तिच्या पायाशी बसून राहिले. बटण परत उशीखाली गेलं.

हे लिहितेय तोवर आतून सपातांचा आवाज आला. बाथरूमकडे निघालीय, भिंत धरून. बटण न दाबता.