डंकाचा हिशोब आणि सॉफ्टवेअरची निवड : माझा अनुभव

सांगलीत गावभागात आमचा मिरची कांडपाचा डंक आहे. फेब्रुवारी सरला की बायका वाळवून, देठ खुडून मिरची घेऊन येतात. कुणाची ब्याडगी जास्त, कुणाची संकेश्वरी. मे संपेपर्यंत दुकानात बसायला जागा नसते आणि मिरचीची खाट, म्हणजे नाकाला झोंबणारा वास, तर गल्लीच्या टोकापर्यंत जाते. कांडपाच्या मजुरीबरोबर आम्ही स्वतःची मिरची पूड आणि हळदही विकतो. गल्ल्यावर सासूबाई बसतात, माल आणि मशीन आमचे हे बघतात आणि कागदपत्रं माझ्याकडे.

२०२२च्या दिवाळीनंतर नवीन पल्व्हरायझर, म्हणजे पूड करायचं मशीन, घ्यायचं ठरलं. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत तेव्हा कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान मिळत होतं, कमाल १० लाखांपर्यंत. फाईल घेऊन बँकेत गेलो. साहेबांनी तीन वर्षांची विवरणपत्रं चाळली आणि सरळ विचारलं, "धंद्यातून महिन्याला हातात किती राहतात?" आम्हा दोघांनाही उत्तर देता आलं नाही.

विवरणपत्रं वेळच्या वेळी भरलेली होती. पण ती आयकराच्या कलम ४४ एडीखाली, म्हणजे रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून. त्यात सविस्तर पुस्तकं ठेवायची सक्ती नसते, म्हणून आम्ही ठेवली नव्हती. कर भरायला तो आकडा पुरेसा होता, पण खरा नफा त्यातून कळत नव्हता. सासूबाईंची रोजमेळाची वही होती. त्यात जमा-नावे चोख, पण दूधवाला, विम्याचा हप्ता, मुलाच्या वसतिगृहाची फी आणि मिरचीची पोती एकाच पानावर. त्यांचं चुकत नव्हतं. पैसा एकाच गल्ल्यातून जात होता, तर वहीत तो वेगळा कुठून दिसणार?

घरी येऊन मी लगेच सॉफ्टवेअर शोधायला बसले, आणि तिथेच पहिले दोन महिने वाया गेले. उधारीसाठी मोबाईलवरचं एक अॅप घेतलं. गिऱ्हाइकाला आठवण पाठवायला ते छान होतं, पण घर आणि धंदा वेगळा करायची त्यात सोयच नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की सॉफ्टवेअरआधी पैसाच वेगळा करायला हवा. धंद्याच्या नावाने चालू खातं उघडलं. गल्ल्यावरचा जुना यूपीआयचा क्यूआर काढून चालू खात्याचा लावला. दर महिन्याच्या १ तारखेला धंद्यातून घराकडे ३०,००० रुपये वळते करायचे आणि मध्ये गल्ल्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. या रकमेला सासूबाईंचा जुना शब्द आहे, उचल. मालकाने धंद्यातून स्वतःसाठी काढलेला पैसा. तो खर्च नव्हे, हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही.

त्याच वेळी जीएसटीचा प्रश्न आला. आमची उलाढाल कमी, त्यामुळे नोंदणीची गरज नाही असं धरून चाललो होतो. बेळगावच्या एका दुकानदाराने मिरची पुडीची मागणी नोंदवली आणि आमच्या कर सल्लागारांनी सांगितलं की माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही असो, नोंदणी घ्यावीच लागते. लहान धंद्यांसाठी असलेली, उलाढालीवर एक टक्का कर भरायची कंपोझिशन योजनाही बाद झाली, कारण तिच्यात परराज्यात विक्री करता येत नाही. बेळगाव इथून कितीही जवळ असलं तरी बिलावर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटीच, लागणार. ही गोष्ट आधी कळली म्हणून बरं. माझ्या यादीतली निम्मी सॉफ्टवेअर्स मी नुसती बिल सुंदर दिसतं म्हणून ठेवली होती.

मग मी पद्धत बदलली. जाहिराती आणि तुलनेचे तक्ते बाजूला ठेवले. मागच्या मार्चमधला एक गर्दीचा आठवडा वहीतून निवडला आणि त्याच्या त्याच नोंदी प्रत्येक सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत भरायच्या ठरवल्या. त्या आठवड्यात सगळं होतं : रोखीची मजुरी, उधारी, मिरचीची खरेदी, पोत्यामागची हमाली, एक परत आलेला माल. बेळगावचं बिल त्यात मी मुद्दाम घातलं. ४० किलो पूड, ४२० रुपये दराने १६,८०० रुपये, त्यावर ५ टक्के आयजीएसटी ८४० रुपये, एकूण १७,६४०. तेच बिल मिरजेच्या गिऱ्हाइकाच्या नावाने केलं की ४२०-४२० अशी केंद्र आणि राज्य विभागणी आपोआप व्हायला हवी. एका ठिकाणी ती मला हाताने बदलावी लागली. ते सॉफ्टवेअर तिथेच सोडलं.

खरी परीक्षा मालाच्या साठ्याची झाली. गिऱ्हाइकाने आणलेली मिरची आमची नव्हे, आमची फक्त मजुरी. आमच्या मिरचीचं मात्र देठ काढून, वाळवून, कांडून वजन घटतं. १०० किलो मिरची घेतली म्हणून १०० किलो पूड मिळत नाही. मी पाहिलेल्या बऱ्याचशा सोप्या अॅपमध्ये माल घेतला आणि विकला एवढंच होतं. मध्ये त्याचं दुसरं काही बनतं, ही कल्पनाच नव्हती. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅन्युफॅक्चरिंग जर्नल सापडलं. कच्चा माल किती गेला, पक्का किती आला, हे एकाच नोंदीत येतं. माझं मन तिथे बसलं.

सासूबाईंना शेजारी बसवून मी एक संध्याकाळ टॅलीत नोंदी केल्या. एफ फाईव्ह म्हणजे पैसे दिले, एफ सिक्स म्हणजे पैसे आले, एफ एट विक्री, एफ नाईन खरेदी. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. पण एक नोंद केली की दोन खाती हलतात हे पाहून त्या म्हणाल्या, "अगं, ही तर कीर्द-खतावणीच आहे. तेरीज कुठं काढायची?" कीर्द म्हणजे रोजची वही, खतावणी म्हणजे खात्यांची वही आणि तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स. मी तो उघडून दाखवला. त्यांनी दोन्ही बाजूंच्या बेरजांवर बोट ठेवून आकडे जुळवून पाहिले आणि मगच चहा ठेवायला उठल्या. आता रोज दुकान बंद झाल्यावर त्या वहीतून वाचतात, मी टाईप करते. वीस मिनिटं लागतात.

ऑनलाइन सॉफ्टवेअर घ्यावं की संगणकावरचं, यावर घरात बराच वाद झाला. आमच्याकडे त्यामागे २०१९च्या ऑगस्टमधला पूर आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. दुकानात शिरलेल्या पाण्यात सात वर्षांच्या वह्या गेल्या. वाळवल्या, पण शाई फुटून पानं एकमेकांना चिकटली. वसूल व्हायची कितीतरी उधारी त्या पानांतच राहिली. म्हणून ह्यांचं म्हणणं, सगळं इंटरनेटवर असू दे. माझी भीती वेगळी होती. क्विकबुक्स या हिशोबाच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरने ३१ जानेवारी २०२३ला भारतातली सेवा थांबवली, ती बातमी ताजी होती. मोठी कंपनीसुद्धा देश सोडू शकते, मग आपला हिशोब बाहेर काढता आला पाहिजे, ही माझी अट झाली. प्रत्येक चाचणीच्या शेवटी मी सगळी खाती एक्सेलमध्ये उतरवून पाहिली. जिथे नुसती पीडीएफ मिळाली ते नाकारलं.

शेवटी धंद्यासाठी टॅलीप्राईमचा एका संगणकाचा परवाना घेतला. आमच्यासाठी त्याची किंमत मोठी होती आणि मी ती दोनदा मोजून दिली. पण सल्लागारांकडेही टॅलीच आहे. बॅकअप दिला की त्यांना पुन्हा टाईप करावं लागत नाही. रोजचा बॅकअप पेनड्राईव्हवर, एक प्रत इंटरनेटवर आणि आठवड्याला एक पेनड्राईव्ह विश्रामबागेत नणंदेच्या घरी. तिथवर पाणी आलं नव्हतं.

घरासाठी पैसे घालायची गरज वाटली नाही. ग्नूकॅश मोफत आहे आणि दुहेरी नोंदीवरच चालतं. जीएसटीचं विवरण त्यातून निघत नाही, म्हणून धंद्याला नको, पण घराला पुरतं. बँकेचा उतारा सीएसव्हीमध्ये आणून त्यात ओतता येतो.

१ एप्रिल २०२३पासून दोन्ही सुरू केलं. टॅलीत उचल ३०,००० आणि घराच्या हिशोबात जमा ३०,०००, हे दोन आकडे महिन्याच्या शेवटी जुळवायचे एवढी एकच खूण मी ठेवली. पहिल्या महिन्यात उचल ३१,३५० निघाली. दीड तास शोधल्यावर कळलं, सवयीने दुधाचे पैसे गल्ल्यातूनच दिले गेले होते आणि सासूबाईंनी वहीत ते प्रामाणिकपणे लिहिलेही होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला मागच्या दाराने यायला सांगितलं.

जुलैमध्ये पहिल्या तीन महिन्यांचा नफा-तोटा छापून आम्ही पुन्हा बँकेत गेलो. हंगामाचे महिने वेगळे दाखवले, कारण एप्रिल-मेच्या कमाईवर हप्ता ठरवला तर पावसाळ्यात अडकायला होतं. साहेबांनी तोच प्रश्न विचारला आणि ह्यांनी कागद न बघता उत्तर दिलं. मशीन दसऱ्याला आलं.

मिरचीची घट मात्र अजून पूर्ण बसलेली नाही. जर्नलमध्ये ठरावीक टक्के धरून नोंद करते, पण ओलसर पोतं आलं की तो अंदाज चुकतो. प्रत्येक घाण्याचं आधीचं आणि नंतरचं वजन सासूबाई वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहितात. दोन हंगामांची वजनं जमली आहेत. या मार्चला ब्याडगी आणि संकेश्वरी अशी वेगळी टक्केवारी लावून बघणार आहे.