हंगामामागून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने

मेलबर्न सोडून तिसरा दिवस. सेल हे गाव मागे टाकून आम्ही बेअर्न्सडेलकडे निघालो होतो, गाडीमागे कॅरव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. नवरा चालवत होता, वेग ताशी ९५च्या आसपास. मागून एक मोठा ट्रक आला आणि आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याने कॅरव्हॅन आधी डावीकडे ढकलली गेली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. तिच्या हिसक्यांनी आमची प्राडो गाडीही रस्त्यावर नागमोडी जायला लागली.

अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, हे त्याने शिकून घेतलं होतं म्हणून आज हे लिहितेय. त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि डॅशबोर्डखालचं बटण दाबून फक्त कॅरव्हॅनचे इलेक्ट्रिक ब्रेक हळूहळू लावले. काही सेकंदांत ती सरळ झाली. पुढच्या विसाव्याच्या जागेवर उतरलो तेव्हा माझे हात थरथरत होते. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

चूक आमचीच होती. सामान भरल्यावर आम्ही वजनच केलं नव्हतं. जुनी घेतलेली कॅरव्हॅन, १८ फुटी. तिच्या पाटीवर रिकामं वजन १,९८० किलो आणि भरल्यावर जास्तीत जास्त २,४८० किलो असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे आमच्या संसाराला ५०० किलो. आकडा मोठा वाटतो, पण त्यातच पाणी आणि गॅसही धरायचा असतो. ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १९० किलो तिथेच संपले. गॅसचे दोन सिलिंडर, बॅटरी, तंबू, खुर्च्या, डबे, कपडे, पुस्तकं... सार्वजनिक वजनकाट्यावर नेली तर भरली २,६४० किलो. १६० किलो जास्त. त्याहून वाईट म्हणजे गाडीच्या हुकावर पडणारं वजन जेमतेम १५० किलो होतं. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार पुढे हुकावर हवा. आम्ही दोन सायकली आणि हत्यारांची पेटी पार मागच्या टोकाला बांधली होती, त्यामुळे पुढचं टोक हलकं झालं होतं. तराजूची दांडी मागे झुकली की कॅरव्हॅन डोलायला लागते.

त्या संध्याकाळी कॅरव्हॅन पार्कमधल्या हिरवळीवर चटई टाकून सगळा संसार बाहेर काढला. बाथरूममधल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवायची आणि वहीत लिहायची. लोखंडी तवा, दोन कुकर, कणकेचा स्टीलचा डबा, पाहुण्यांसाठीच्या चादरी. आजीचा पितळी खलबत्ता पावणेतीन किलो भरला. तो मी ठेवला आणि त्याच्या बदल्यात हिवाळी बूट आणि नर्सिंगची जाडजूड पुस्तकं दिली. सायकली विकल्या. पाण्याची एक टाकी रिकामीच ठेवायची ठरवली. जड डबे चाकांच्या वर, जमिनीलगतच्या कपाटात गेले. पुन्हा काट्यावर नेली तेव्हा २,४६५ किलो, आणि हुकावर २३५. त्यानंतर असा झोल पुन्हा कधी गेला नाही. कोणी कॅरव्हॅन घेत असेल तर माझं एवढं ऐका: घर सोडायच्या आधी भरलेली गाडी काट्यावर चढवा.

थोडं आमच्याबद्दल. मी मूळची राजापूरची, नर्स आहे. नवरा मेलबर्नला एका गोदामात होता. आम्ही दोघंही कायमचे रहिवासी, त्यामुळे कुठेही, कोणतंही काम करायला अडचण नव्हती. भाड्याचं घर आणि सतत आलटून-पालटून येणाऱ्या शिफ्ट यांत सात वर्षं गेली होती आणि आम्ही समुद्र फक्त सेंट किल्डाचा पाहिला होता. एप्रिल २०२४ मध्ये घर सोडलं. देशाभोवती फिरणाऱ्या हायवे वनचा वळसा जवळपास १४,५०० किलोमीटरचा आहे आणि साठवलेल्या पैशांत तो पुरा होणार नव्हता. जिथे जाऊ तिथे काम करायचं, हेच गणित.

इथे बहुतेकजण आधी नकाशा उघडतात. आम्ही आधी हंगाम पाहिला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आपल्यासारखा पावसाळा असतो, पण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि तोच चक्रीवादळांचा काळ. म्हणून थंडीत, म्हणजे मे ते सप्टेंबर, वर उत्तरेला राहायचं आणि उन्हाळ्यात खाली दक्षिणेला. नेमका तोच क्रम पिकांचाही आहे. बोवेनला टोमॅटो आणि सिमला मिरची थंडीत, टलीची केळी बारमाही, आंबा आधी उत्तरेतल्या डार्विन-कॅथरिनला आणि मग क्वीन्सलँडला. पीक जिथे तयार तिथे हवाही बरी आणि काम हमखास. फक्त आंबा तेवढा अपवाद, तो खऱ्या उकाड्यात येतो.

माझ्या कामाची कागदपत्रं ही वेगळीच लढाई होती. नर्सची नोंदणी इथे २०१० पासून देशभर एकच आहे, त्यामुळे राज्य बदललं तरी परवाना तोच. एजन्सीमार्फत सहा-आठ आठवड्यांची कंत्राटं मिळतात आणि लहान गावांतल्या रुग्णालयांना माणसं खरंच हवी असतात. पण प्रत्येक नव्या जागी पोलिसांचा दाखला, लसीकरणाच्या नोंदी, आग आणि जड उचलण्याच्या प्रशिक्षणाचे दाखले पुन्हा मागतात. मुलांसोबत काम करायचा परवाना तर प्रत्येक राज्याचा स्वतःचा. नॉर्दर्न टेरिटरीत त्याला ऑकर कार्ड म्हणतात. पहिल्या कंत्राटाच्या वेळी एका दाखल्यापायी माझे नऊ दिवस फुकट गेले. मग सगळे कागद स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये तारखांसह ठेवले आणि पुढचं राज्य यायच्या सहा आठवडे आधी अर्ज करायला लागले. पत्त्याचा प्रश्न मेलबर्नच्या मैत्रिणीने सोडवला. आमची सगळी टपालं तिच्याकडे जायची, ती फोटो काढून पाठवायची.

नवऱ्याला शेतावर काम मिळायला कधी दोन दिवसांपेक्षा जास्त लागले नाहीत. पण पगार मात्र नीट तपासून घ्यावा लागतो. एका ठिकाणी कंत्राटदार म्हणाला, पैसे रोख देतो, पगाराची चिठ्ठी मिळणार नाही, बादलीमागे भाव. आम्ही तिथे एक दिवसही थांबलो नाही. २८ एप्रिल २०२२ पासून इथे नियमच आहे की तोडणीचा भाव नगावर असला तरी ताशी किमान मजुरीची हमी द्यावीच लागते, आणि तासांची नोंद ठेवावी लागते. त्यावर सुपर, म्हणजे आपल्या पीएफसारखी रक्कम, तेव्हा ११.५ टक्के. नव्याने आलेल्या पोरांना हे कोणी सांगत नाही आणि त्यांची लूट होते. मला त्याचा फार राग येतो. भारतातून आलेली दोन मुलं त्या शेतावर होती, त्यांना मी चिठ्ठीशिवाय काम करू नका म्हणून अगदी आईसारखं बजावलं.

जुलैत टलीला पोहोचलो. गावात एक प्रचंड गमबूट उभा आहे, ७.९ मीटर उंच. १९५० साली तिथे जेवढा पाऊस पडला तेवढी त्याची उंची. मी कोकणातली. आमच्याकडे वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पडतो. इथे एका वर्षात ७,९०० मिलिमीटर! बुटाच्या आत जिना आहे. तो चढून वर गेले आणि पाणी इथवर आलं असतं, अशी कल्पना करत उभी राहिले. खाली केळीच्या बागा, वर ढगांत बुडालेले डोंगर. क्षणभर आंबोलीच असावी असं वाटलं.

ऑक्टोबरमध्ये कॅथरिन. इथलं मात्र सविस्तर सांगते, कारण वर्षातला सगळ्यात कठीण आणि मला सगळ्यात आवडलेला महिना हाच.

पावसाआधीच्या या दिवसांना तिथे 'बिल्डअप' म्हणतात. पारा ३८-४०, हवेत दमटपणा, रोज दुपारी ढग भरून येतात, गडगडतं आणि पडत काहीच नाही. आपल्याकडे वळवाच्या आधी जीव कासावीस होतो, तसं महिनाभर. मी तेव्हा दोन कंत्राटांच्या मध्ये रिकामी होते, म्हणून नवऱ्याबरोबर मीही आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये लागले. पहाटे साडेचारला उठायचं, सहाला कामावर.

तिथला मुख्य आंबा केन्सिंग्टन प्राइड. लोक त्याला बोवेन आंबाच म्हणतात. एकोणिसाव्या शतकात घोडे भारतात नेणाऱ्या जहाजांबरोबर त्याचं मूळ बियाणं बोवेनला आलं असं मानतात. पिवळ्यावर गुलाबी झाक, वास गोड, थोडा रेषाळ. हापूस नव्हे. पण पहिल्या दिवशी शेडमध्ये पाऊल ठेवलं आणि तो वास आला, तेव्हा अढी लावलेली आमची माजघराची खोली डोळ्यांसमोर आली.

आंब्याचा देठ मोडला की पहिल्या काही सेकंदांत चीक जोराने उडतो. तो फळावर ओघळला तर साल काळी पडते आणि फळाचा भाव जातो. कोकणात म्हणूनच झेल्याने काढतानाही देठ ठेवून काढतात. इथे मोठं यंत्र झाडांच्या ओळीतून हळूहळू चालतं, तोडणारे दोन्ही बाजूंनी फळ देठ काढून त्याच्या ताडपत्रीवर टाकतात आणि साबणाच्या पाण्याचे फवारे तो चीक धुऊन नेतात. पद्धत वेगळी, पण काळजी तीच.

चीक माणसालाही सोडत नाही. आंबा हा काजू आणि बिब्ब्याच्या कुळातला. आपल्याकडे बिब्बा उततो म्हणतात तसंच हे. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या मनगटावर, हातमोजा आणि बाही यांच्या मधल्या दोन बोटं जागेत, लाल पुरळ उठलं. दुसऱ्या दिवशी पाणी भरलेले फोड, पापण्याही सुजल्या. सुपरवायझर म्हणाली, पहिल्या हंगामात निम्म्या लोकांना होतं. मी त्याला सरळ डॉक्टरकडे नेलं, स्टिरॉइडचं मलम आणि गोळ्या मिळाल्या, चार दिवस घरी बसवलं. मग त्याचं काम बदलून घेतलं. नव्या माणसांना मी हेच सांगते: बाही मोज्याच्या आत खोचा आणि वरून टेप लावा, घामाचा हात चेहऱ्याला लावू नका, आणि कामाचे कपडे कॅरव्हॅनच्या आत आणू नका. आम्ही आणले होते. चादरीला लागलेल्या चिकाने मलाही मानेवर पुरळ आलं.

ताशी तीस डॉलरच्या आसपास मिळत होते. आठवड्याच्या शेवटी हिशेब मांडला की पार्कचं भाडं, गॅस, वाणसामान जाऊन बरंच उरायचं. रात्री एसी लावून, पत्र्यावर आपटणारे किडे ऐकत, आम्ही शेडमधून मिळालेले डागी आंबे चिरायचो. खलबत्त्यात वेलची कुटून आमरसात घातली तेव्हा त्या पावणेतीन किलोंचं चीज झालं.

नोव्हेंबर लागताच निघालो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर गाडी थांबवून फळं, भाज्या, मध काढून घेतात, माशी आणि रोग जाऊ नयेत म्हणून. डार्विनच्या रॅपिड क्रीक बाजारातून घेतलेली कढीपत्त्याची जुडी मी तिथल्या पेटीत टाकली. वाईट वाटलं, पण शेतकऱ्याच्या घरातली मुलगी आहे, कारण पटलं.

पश्चिम किनारा तसा भराभरच केला, ऊन फार होतं. लक्षात राहिलं ते कार्नार्व्हन. गॅस्कॉइन नदीचं पात्र वर्षातला बराचसा काळ कोरडं, नुसती वाळू, आणि तरी काठाला केळीच्या हिरव्यागार बागा. पाणी वाळूखालून वाहतं आणि ते उपसून बागा जगतात. आमच्या गावी एप्रिलमध्ये बायका नदीत झिरा खणतात, त्याचंच हे मोठं रूप. तिथे मला पाच आठवडे काम मिळालं. नाताळात रुग्णालयातल्या रिकाम्या शिफ्ट भरल्या आणि डिझेलचे पैसे सुटले.

फेब्रुवारीत नलारबोर, दक्षिणेतलं ओसाड, सपाट माळरान. नॉर्समनपासून सेडुनापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर, त्यात बालाडोनियापासून कायगुनापर्यंतचे १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही. समोरच्या वाऱ्यात आमची गाडी शंभर किलोमीटरला १५ऐवजी १९ लिटर डिझेल पिऊ लागली. कांगारू रस्त्यावर येतात म्हणून ऊन कललं की थांबायचं. रेडिओवर चाळीस नंबरचं चॅनेल चालू ठेवायचं, ट्रकवाले आधीच सांगतात, 'मी मागून येतोय.' आम्हीही मग वेग कमी करून त्यांना वाट द्यायचो. बेअर्न्सडेलच्या रस्त्यावर तेवढंही कळत नव्हतं.

सेडुनाला पुन्हा तपासणी असते, म्हणून आदल्या रात्री उघड्या माळावर मुक्काम करून फ्रिजमधलं सगळं संपवायला काढलं. बटाटे, दोन वांगी, गाजरं, अर्धा कोबी, वाळलेल्या मिरच्या. एकच मोठी मिसळभाजी केली, कुकरला भात लावला. शेजारी कॅरव्हॅन लावलेले सत्तरीतले आजी-आजोबा खुर्च्या घेऊन आले. त्यांचीही सफरचंदं आणि संत्री संपवायची होती. आम्ही चौघांनी ती कंदिलाच्या उजेडात संपवली. वारा थांबला होता. दूरवर एका रोड ट्रेनचे, म्हणजे अनेक डबे जोडलेल्या लांबलचक ट्रकचे, दिवे दिसले आणि ती जवळ यायला बराच वेळ लागला.

सकाळी सेडुनाच्या चौकीवर अधिकाऱ्याने फ्रिज उघडला. आत दह्याचं भांडं आणि रात्रीच्या भाताचा डबा. 'हात मोकळे करून आलात,' म्हणाला आणि फाटक उघडलं. सोमवारपासून आयर द्वीपकल्पात माझं आठ आठवड्यांचं कंत्राट आहे. इथून रस्ता खाली समुद्राकडे वळतो.