सत्तेचाळीस दिवसांची हजेरी वही

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी प्रेस शॉपला होतो, तिथं आमच्या युनियनचं पगारवाढीचं मागणीपत्र अकरा महिने पडून होतं. जुना करार संपलेला. बैठक व्हायची आणि पुढची तारीख मिळायची, एवढंच. ३ ऑक्टोबरला सेकंड शिफ्टला जाताना टाइम ऑफिसबाहेर नोटीस चिकटवलेली दिसली. कामगार मुद्दाम उत्पादन कमी काढतात, शिस्त राहिली नाही, म्हणून टाळेबंदी, म्हणजे मालकानंच काम बंद ठेवायचं, लॉकआउट. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

१२ तारखेला सकाळी बजाजनगरच्या चौकात कंपनीची बस आलीच नाही. चालत गेलो, तर गेटला साखळी, आत नवे सिक्युरिटीवाले, बाहेर पोलिसांची गाडी. दिवाळी तीन आठवड्यांवर, बोनस व्हायचा होता. ही वेळ निवडून साधलेली होती, असं मला आजही वाटतं. लॉकआउटमध्ये मालकाला कोर्टात जिंकायची घाई नसते. महिना भरतो, घरभाडं येतं, किराणावाला उधारीची वही पुढं करतो. दोनशे घरांतली वीस घरं आधी वाकतात आणि युनियन तिथून फुटते.

युनियनच्या वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "नोटीस कधी लागली?" मी फोटो दाखवला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली १४ दिवसांच्या नोटिशीची अट फक्त रेल्वे, वीज, पाणी अशा सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना होती. पण महाराष्ट्रात युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांबद्दलचा १९७१ चा कायदा होता, ज्याला सगळे एमआरटीयू म्हणत. त्यात टाळेबंदीची नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत टाळं लावलं, तर ती टाळेबंदी बेकायदा. आमच्या गेटला साखळी लागली नवव्या दिवशी. बेकायदा टाळेबंदी ही त्याच कायद्यात अनुचित कामगार प्रथा होती, आणि तक्रार ९० दिवसांत करावी लागायची. आम्ही आठवड्यात औद्योगिक न्यायालयात गेलो. पहिल्या तारखेला आदेश मिळाला नाही, कंपनीला म्हणणं मांडायला वेळ मिळाला. त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना कुणी कुणाशी बोललं नाही.

वकिलांनी दुसरी गोष्ट सांगितली ती हजेरीची. "उद्या कंपनी म्हणेल की हेच कामावर आले नाहीत. रोज शिफ्टच्या वेळेला गेटवर जा, सह्या करा, आणि आम्ही कामाला तयार आहोत असं पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवा." मग आम्ही दोनशे पानी वही आणली. तारीख, शिफ्ट, नाव, टोकन नंबर, सही. वही सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. लिंबाच्या झाडाखाली सतरंजी टाकून तिन्ही शिफ्टला बसायचो. रात्रपाळीची हजेरी सुद्धा चुकवली नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही एकशे चाळीस सह्या आहेत.

गावाकडून, अंबड तालुक्यातून, आईचा फोन यायचा. "कापूस फुटून खाली पडायलाय, वेचायला माणूस मिळना झालंय. तिथं बसून काय करायलास? ये इकडं." जावंसं फार वाटायचं. बरेच जण आलटूनपालटून गेलेही. चार दिवस कापूस वेचायचा, मग परत वहीत सही. बायकोनं मात्र एकदाच सांगितलं, "अहो, दुकानदाराकडं मी जाते. तुम्ही गेट सोडू नका."

पंचविसाव्या दिवशी गेट अर्धं उघडलं. एकेकट्यानं हमीपत्रावर सही करा आणि आत या, असा निरोप आला. मजकूर होता की मी काम कमी काढत होतो, पुन्हा काढणार नाही, संपात जाणार नाही. न केलेली चूक कबूल करून घेणारा कागद होता तो. आमच्या वकिलांचं म्हणणं होतं की ही टाळेबंदीच चालू आहे, कारण १९४७ च्या कायद्याच्या व्याख्येत कारखाना बंद करण्याबरोबर कितीही कामगारांना कामावर ठेवायला नकार देणंही यायचं. अकरा जणांनी सही केली. त्यातला एक माझ्याच लाइनवरचा, त्याच्या मुलीचं बाळंतपण अडलं होतं. दोन दिवस त्याच्याशी कुणी बोलेना. मला ते पटलं नाही, मी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आलो.

समेटाच्या बैठका कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चालू होत्या. पहिल्या दोन तारखांना मॅनेजमेंटकडून कुणी आलं नाही. तिसऱ्या वेळी आले, कारण माल अडकला होता आणि नोटिशीच्या तारखेचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. करारात हमीपत्र गेलं. टाळेबंदीच्या दिवसांचा अर्धा पगार मिळाला, बोनस मिळाला, पगारवाढ मागितली त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. दोघांचं निलंबन मात्र उठलं नाही, त्यांच्या चौकश्या पुढं वर्षभर चालल्या. ते दोघं आमच्यासाठी बोलले होते, आणि त्यांना बाहेर ठेवून आत जाणं मला फार जड गेलं. २८ नोव्हेंबरला फर्स्ट शिफ्टला गेट उघडलं.

काही वर्षांनी आमचे एक वयस्क फिटर निवृत्त झाले. सेवा १९ वर्षं ७ महिने. ग्रॅच्युइटीत, म्हणजे सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेत, सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे २० वर्षं. हिशेबात १९ च आली. ऑफिसनं टाळेबंदीचे ४७ दिवस सेवेतून वजा केले होते, त्यामुळे वरचा तुकडा सहा महिन्यांच्या खाली गेला आणि एका वर्षाचे, म्हणजे १५ दिवसांच्या पगाराचे पैसे बुडत होते. ग्रॅच्युइटीच्या नियमांत कामगाराचा दोष नसलेल्या टाळेबंदीनं सलग सेवा तुटत नाही. मी माळ्यावरून वही काढली, कराराची प्रत जोडली, आणि आम्ही दोघं पर्सोनेलला गेलो. वहीत त्यांच्या ४७ च्या ४७ सह्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांना २० वर्षांचा चेक मिळाला. वही पुन्हा माळ्यावर ठेवली आहे, कारण त्या वर्षीचे अजून साठएक जण निवृत्त व्हायचे आहेत.