शिसे नेऊन काय सुटत होते?

"शिसे इतके जड आणि चांदीच्या मानाने इतके स्वस्त, मग ते समुद्रापार नेऊन व्यापाऱ्याला काय सुटत होते?" मालवाहतुकीचे हिशेब तपासण्यात माझी नोकरी सरली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून इंग्लंडमधील डर्बीशायरच्या शिशाचे, सतराव्या शतकातले उदाहरण घेतो.

या मालाचा खरा खर्च जमिनीवरच होई. राजाच्या खाणक्षेत्रात दर 13 मापांतले एक माप खनिज राजाकडे जाई, खरेदीदाराला वेगळी पट्टी पडे, आणि चर्च दशांश मागे, ज्यावरून खाणकऱ्यांचे दीर्घकाळ तंटे चालले. मग वितळवणीचे सरपण. त्यापुढे तट्टांच्या पाठीवरून बॉट्रीच्या नदीबंदरापर्यंतची डोंगराळ वाट आणि तिथून आयडल व ट्रेंट नद्यांतून हल बंदर. तट्टू वजनच ओळखते, त्यामुळे इथे शिशाचा जडपणा पुरेपूर नडे.

जहाजावर मात्र तोच जडपणा कामी येई. एक घनमीटर शिसे 11 टनांहून अधिक भरते, आणि जहाज डोलू नये म्हणून तळाशी वजन, आपल्याकडच्या दर्यावर्दींच्या भाषेत नीरम, घालावेच लागते. तिथे दगड भरले तर पैसा मिळत नाही. शिसे भरले तर नीरमही होते आणि पलीकडच्या बंदरात विकताही येते. जागेचे भाडे जवळजवळ फुकटात पडते, हे लक्षात न घेता केलेला हिशेब मला नेहमी तोट्याचा दिसला आहे.

ईस्ट इंडिया कंपनी सुरतेला शिसे आणी, त्यामागे आणखी एक कारण होते. इथल्या उकाड्यात इंग्रजी लोकरी कापडाला उठाव बेताचाच. बंदुकीच्या गोळ्यांसाठी शिशाला मात्र गिऱ्हाईक मिळे. शिसे जितक्या रकमेला विकले जाई, तितकी चांदी मायदेशातून कमी आणावी लागे, आणि चांदी देशाबाहेर नेण्यावरूनच तर कंपनीवर तिकडे टीका होत होती. म्हणून शिशावरचा नफा निव्वळ खरेदी-विक्रीच्या फरकात मोजणे मला अपुरे वाटते.

खर्चाच्या बाजूला मात्र व्याज मांडायलाच हवे. सुरतेला जाऊन परतायला जहाजाला वर्षाहून अधिक काळ लागे. तोवर भांडवल अडकून राही, आणि 1652 ते 1654 सारख्या डचांशी झालेल्या युद्धात जहाजच हाती सापडले, तर तळातले शिसेही शत्रूचे होई.