वाटीभर कूट आणि भरलेली सिरिंज

सात महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर होतं, गालांवर एक्झिमाचे लाल चट्टे. वाटीत भाजलेल्या दाण्यांचं वस्त्रगाळ कूट कोमट पाण्यात कालवलेलं. बाजूला ॲड्रेनलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन, भरून ठेवलं होतं, 0.075 मिली, बाळाचं वजन साडेसात किलो.

आई घाबरलेली, कारण थोरलीला दाणा चालत नाही. ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात. आपल्याकडे ही ॲलर्जी फारशी दिसत नाही, पण या घरात होती. आणि थोरलीला तान्हेपणी एक्झिमा होता तेव्हा 'तीन वर्षं दाणा नको' हे सांगणारा मीच. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांचा तो 2000 सालचा सल्ला. त्यांनी 2008 मध्ये मागे घेतला. माझ्या तोंडी तो पुढेही राहिला. त्यामुळेच तिला ॲलर्जी झाली असं म्हणता येत नाही. तरी तिची फाइल उघडताना बोचतंच.

2015 मध्ये लंडनचा 'लीप' अभ्यास आला. त्वचाचाचणी (कातडीवर दाण्याचा अर्क टोचून पाहतात) निगेटिव्ह असलेल्या बाळांपैकी ज्यांनी दाणा टाळला त्यांतल्या 13.7 टक्क्यांना पाचव्या वर्षी ॲलर्जी, खाणाऱ्यांत 1.9. आमच्या बाळाच्या चाचणीत दोन मिलिमीटरची गांध होती. चार मिलिमीटरपर्यंत गांध असलेली बाळंही त्या अभ्यासात होती, म्हणून धीर केला.

"कूट घरात होतं, पण याच्या तोंडाला लावलं नाही हो," आजी म्हणाल्या.

"कूट करून झाल्यावर त्याच हातांनी याला तेल लावता?"

आजी गप्प झाल्या. मग मी सांगितलं: फुटलेल्या कातडीतून दाण्याचं प्रथिन शिरलं, तर शरीर त्याला शत्रू समजून आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं, तयार करू शकतं. तेच पोटातून गेलं तर आतड्यातल्या पेशी त्याचे तुकडे जवळच्या लसिकाग्रंथींत नेतात. तिथे रेग्युलेटरी टी-पेशी तयार होतात. त्यांचं काम बाकीच्यांना आवरणं.

"म्हणजे दारातून आला तर पाहुणा, कौलं काढून आला तर चोर."

पुढे आजींचं हेच वाक्य मी बऱ्याच पालकांना ऐकवलं.

आधी बोटाच्या टोकाएवढं. वीस मिनिटं. मग पाव चमचा. तिसऱ्या घासानंतर हनुवटीखाली लाल ठिपके आले आणि माझा हात सिरिंजकडे गेला. आधी ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. श्वास साफ, बाळ खेळतंय. दहा मिनिटांत ठिपके गेले. नुसतं सांडलेलं लागलं होतं.

दोन तासांनी बाळ झोपलं. आठवड्यातून तीनदा, दोन-दोन चमचे कूट पातळ करून, असं लिहून दिलं.

"गूळ घालू?" आजी.

"वर्षाचा होईपर्यंत नको."

आई बेसिनपाशी वाटी घासत होती. दुसऱ्यांदा. घरी थोरली होती.