ब्रॅडफर्ड ते सेलम : जडसन दांपत्याच्या मार्गावर

नगरमध्ये लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ‘अमेरिकन मराठी मिशन’ हे नाव परके वाटत नाही. या मिशनमागची संस्था, म्हणजे अमेरिकन बोर्ड, अमेरिकेत ज्या गावी स्थापन झाली, ते मॅसॅच्युसेट्समधील ब्रॅडफर्ड एकदा पाहावे, अशी आम्हा पतीपत्नींची फार दिवसांची इच्छा होती. आम्ही दोघेही शिक्षक असल्यामुळे आमचा विशेष ओढा होता तो ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेलेल्या अ‍ॅडोनिरम आणि अ‍ॅन जडसन यांच्याकडे, कारण धर्मप्रसारासाठी समुद्रापार जाण्यापूर्वी दोघांनीही मुलांना शिकवले होते.

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून हेवरिलला जाणारी लोकल शेवटच्या स्थानकाच्या अलीकडे ब्रॅडफर्डला थांबते. मेरिमॅक नदीकाठचे हे गाव 1897 पासून हेवरिल शहराचाच भाग आहे. येथील अकादमी 1803 साली सुरू झाली आणि अ‍ॅन हॅसेल्टाइन, म्हणजे पुढची अ‍ॅन जडसन, तिच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक. 1806 च्या सुमारास तिच्या मनात धर्मश्रद्धेने मूळ धरले आणि त्यानंतर तिने आसपासच्या गावांतील शाळांमध्ये शिकवण्याचे काम पत्करले. तिकडे प्लिमथमध्ये, 1807 साली पदवी घेऊन परतलेल्या अ‍ॅडोनिरमने स्वतःची शाळा काढली होती आणि इंग्रजी व्याकरणाचे व मुलींसाठी अंकगणिताचे अशी दोन पाठ्यपुस्तकेही 1808 मध्ये प्रसिद्ध केली होती. त्याच वर्षी शाळा सोडून तो अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात दाखल झाला.

जून 1810 मध्ये ब्रॅडफर्डला चर्चप्रतिनिधींची सभा भरली. परदेशात मिशनरी म्हणून आम्हाला पाठवा, अशी विनंती अ‍ॅडोनिरम व त्याच्या सोबत्यांनी तेथे केली आणि त्यातूनच अमेरिकन बोर्डाची स्थापना झाली. याच मुक्कामात हॅसेल्टाइन यांच्या घरी त्याची व अ‍ॅनची भेट झाली.

गावातल्या चौकातील हिरवळीवर उभे असताना आम्ही बराच वेळ बोलत राहिलो ते त्याने तिच्या वडिलांना लिहिलेल्या पत्राविषयी. मुलगी या जगात पुन्हा दृष्टीस पडणार नाही, समुद्रावरची संकटे, दारिद्र्य, अपमान आणि कदाचित अकाली मृत्यूही तिच्या वाट्याला येईल, हे सारे स्पष्ट लिहून त्याने तिचा हात मागितला होता. वडिलांनी निर्णय तिच्यावरच सोपवला. इतिहास अ‍ॅडोनिरमच्या नावाने लिहिला जातो, पण माझ्या मते या प्रवासातला सर्वांत अवघड निर्णय अ‍ॅनचा होता. त्याच्याबरोबर अँडोव्हरचे सोबती होते. तिच्यापुढे मात्र अशा वाटेने गेलेल्या एकाही अमेरिकन स्त्रीचे उदाहरण नव्हते.

5 फेब्रुवारी 1812 रोजी ब्रॅडफर्डमध्ये त्यांचे लग्न झाले. दुसऱ्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये अ‍ॅडोनिरमला इतर चौघांसह धर्मोपदेशक म्हणून दीक्षा देण्यात आली. त्या चर्चची आजची इमारत नंतरची आहे. सेलमचे जुने रूप दिसते ते बंदरावर. जवळजवळ अर्धा मैल समुद्रात गेलेल्या डर्बी धक्क्यावरून चालताना पूर्वेकडच्या व्यापाराने या गावाला केवढे वैभव दिले होते, ते ध्यानात येते. त्या व्यापाराच्या वाटेनेच ‘कॅरव्हॅन’ हे जहाज 19 फेब्रुवारीला जडसन आणि न्यूएल या दोन नवविवाहित जोडप्यांना घेऊन कलकत्त्याकडे निघाले.

17 जूनला ते कलकत्त्यास पोहोचले, परंतु ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू दिले नाही. मॉरिशसमध्ये हॅरिएट न्यूएल एकोणिसाव्या वर्षी वारली. जडसन दांपत्य जुलै 1813 मध्ये रंगूनला उतरले आणि शिक्षक असलेली ही दोघे तेथे प्रथम विद्यार्थी होऊन बसली. अ‍ॅनने बर्मी भाषेत धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरी लिहिली व बायबलमधील काही भागांचे भाषांतर केले; पुढे अ‍ॅडोनिरमने संपूर्ण बायबल बर्मी भाषेत आणले.

सेलमला दीक्षा घेतलेल्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट दुसऱ्या जहाजाने निघून फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत पोहोचले. कंपनीच्या हद्दपारीच्या हुकुमांना तोंड देत त्यांनी तेथे जे मिशन उभे केले, त्यानेच 1824 साली मुंबईत मुलींची शाळा उघडली आणि 1831 मध्ये आमच्या नगरला काम सुरू केले.