तुम्ही विचारलंत म्हणून: मेंदूला सूज आहे, मग स्टेरॉइड का नाही?

"सिस्टर, सूज आहे म्हणता ना, मग स्टेरॉइड का देत नाही?"

मिरजेत न्यूरो आयसीयूत माझी 19 वर्षं गेली. हा प्रश्न महिन्यातून चार-पाचदा तरी येतोच, आणि करोनानंतर जास्तच, कारण डेक्सा (डेक्सामेथासोन) या स्टेरॉइडचं नाव आता घरोघरी माहीत झालंय. शिवाय कुणाच्या तरी काकांना मेंदूत गाठ असते, त्यांना डेक्सा सुरू केलं आणि दोन दिवसांत डोकं दुखायचं थांबलेलं असतं. मग आमच्याच माणसाला का नाही? पैशासाठी अडवताय का, असंही एकदा ऐकून घेतलंय. अहो, डेक्सा हे आमच्या ट्रॉलीवरचं जवळजवळ सगळ्यात स्वस्त इंजेक्शन!

पूर्वी देत असत. माझ्या सीनियर सिस्टर सांगायच्या, हेड इंजुरी आली की सलाईनबरोबर स्टेरॉइड ठरलेलंच. मग 'क्रॅश' नावाची मोठी चाचणी झाली. मार लागून आठ तासांच्या आत आलेल्या मोठ्या माणसांपैकी निम्म्यांना 48 तास मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं सलाईन. वीस हजार पेशंट घ्यायचे होते. 10,008 वर, 2004 मध्ये, ती थांबवावी लागली. दोन आठवड्यांत औषधवाल्यांतले 21.1 टक्के दगावले होते, बाकीच्यांतले 17.9. म्हणजे शंभरामागे तीन माणसं जास्त, तीही वाचवायच्या हेतूने दिलेल्या औषधाने. मला अजून हा आकडा लिहिताना कसंतरी होतं.

गाठीची सूज आणि माराची सूज एक नव्हे. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या पाझरतात, स्टेरॉइड तो पाझर आवळतं. मारात पाझर असतोच, पण पेशी स्वतःही पाणी पिऊन फुगतात, आणि त्यांच्यावर स्टेरॉइडचा असा उपयोग होत नाही. म्हणून आम्ही मेंदूतलं पाणी ओढून घेणारं मॅनिटॉल देतो, उशाकडची बाजू 30 अंश वर ठेवतो, मान सरळ ठेवतो.

दुसरी गोष्ट अशी की शरीर स्वतःच स्टेरॉइड ओतत असतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या ॲड्रिनल ग्रंथी बसलेल्या असतात. मार लागला की त्यातून ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, सुटतं. बीपी टिकतं, साखर वर जाते, जीव धरून ठेवला जातो. तेवढ्यापुरतं ते हवंच.

एक पेशंट आठवतो. कोल्हापूर रोडवर बाइक घसरली, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. सातव्या दिवशी अचानक पल्स 150, ताप 102, हात ताठ होऊन आत वळलेले. घामाने चादर अशी भिजली की एका शिफ्टला तीनदा बदलली. बायकोला वाटलं, फिट आली. फिट नव्हती. मेंदूचा लगाम सुटला होता, ॲड्रिनलिनला थांब म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. अशा वेळी ॲड्रिनलिनचा जोर कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल देतात, पण अर्धं काम शांततेचं असतं. पडदा ओढायचा, गरज असेल तेव्हाच सक्शन करायचं, म्हणजे नळीने कफ ओढायचा. "वहिनी, थोडा वेळ हाक मारू नका, हात लावू नका," हे सांगताना माझ्याच जिवावर येतं.

तिनेच विचारलं होतं, "त्यांना शुगर नाही, मग सारखं बोट का टोचता?" त्या दिवशी साखर 236 होती. मधुमेह नव्हता, ती सगळी त्या हार्मोन्सची करणी. जखमी मेंदूला इतकी साखर सोसत नाही, म्हणून इन्सुलिन. आता यात वरून स्टेरॉइड ओतलं तर साखर आणखी चढणार, आणि जंतूंशी लढायची ताकद कमी होणार. करोनानंतर काळ्या बुरशीचे पेशंट ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि सूज म्हणजे नुसतं पाणी नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, सफाई कामगारच म्हणा. मेलेल्या पेशींचा राडारोडा त्या उचलतात. पहिल्या दिवसांत त्यांना दामटून गप्प बसवलं तर कचरा तसाच राहील. पण त्या कधीकधी काम संपलं तरी घरी जात नाहीत. लंडनमध्ये 2011 मध्ये माराच्या जुन्या रुग्णांचे पेट स्कॅन केले, तर कुणाच्या मेंदूत 17 वर्षांनीही त्या जाग्याच होत्या, आणि तेही माराच्या जागेपासून लांब, आत खोलवर. "टाके सुकले, सीटी नॉर्मल, तरी माणूस पहिल्यासारखा नाही" असं बायका सांगतात, तेव्हा मी त्यांना खोटं पाडत नाही.

तो बाइकवाला चालत घरी गेला. आठ महिन्यांनी वहिनी ओपीडीत भेटल्या. नवरा सकाळी उठत नाही, जेवत नाही, उभं राहिलं की चक्कर, सासू म्हणते आळशी झालाय. सकाळी आठचं कॉर्टिसॉल तपासलं, अगदी तळाला. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, वाटाण्याएवढी, बारीक देठाला लोंबकळणारी. डोकं आदळताना तो देठ दुखावला, तर ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायचा निरोपच जात नाही.

डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलच गोळीतून, लिहून दिलं, सकाळी एक, दुपारी अर्धी. मेडिकलमधून येऊन वहिनींनी पट्टी माझ्यासमोर धरली.

"सिस्टर, हे स्टेरॉइडच ना? तेव्हा नाही म्हणाला होतात."

"हो वहिनी, स्टेरॉइडच. सकाळची गोळी चुकवू नका, आणि ताप आला तर आधी फोन करा."